आयोना : शेणाखाली गेलेली मठप्रमुख

ओबनहून मोठ्या फेरीबोटीनं मल बेट, तिथून अरुंद एकेरी रस्त्यावरून बस, मग पुन्हा छोट्या फेरीबोटीची दहा मिनिटं. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आयोनाला पाहुण्यांना गाडी नेता येत नाही, हे बरंच आहे. धक्क्यावर उतरलेली गर्दी बाले मोर गावातून थेट ॲबी, म्हणजे भिक्षूंचा मोठा मठ गाठते. वाटेतला पडका नन्सचा मठ सेल्फीपुरता. मी आले होते ती त्याच्यासाठीच.

बाराव्या शतकात या बेटांवर सत्ता गाजवणाऱ्या सॉमर्लेडचा मुलगा रॅनल्ड यानं १२००च्या सुमारास ॲबी आणि हा मठ दोन्ही उभे केले. इथली पहिली प्रमुख त्याचीच बहीण, बेथोक. १५६०च्या धर्मसुधारणेनंतर, म्हणजे स्कॉटलंड कॅथलिक पंथ सोडून प्रोटेस्टंट झाल्यावर, मठ ओस पडला. ॲबीची विसाव्या शतकात इतकी डागडुजी झाली, की जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे शोधत बसावं लागतं. इथे तसं फारसं झालं नाही, म्हणून मला हाच जास्त आवडला.

भिंती गुलाबी ग्रॅनाइटच्या. त्यांचं संगणकावर मॉडेल करायचं, म्हणून मोजपट्टी टेकवायची, फोटो काढायचा, थोडं सरकून पुढचा. लगतचे फोटो निम्म्याहून अधिक एकमेकांवर यायला हवेत, तरच संगणकावर भिंतीचं मॉडेल नीट जुळतं. मधेच कुणाचं तरी पोर चौकटीत धावत येतं, की पुन्हा पहिल्यापासून.

भोजनगृहाच्या दक्षिण भिंतीवर बाहेरून एक शीला-ना-गिग आहे. पाय फाकवून बसलेली नग्न बाई, पार झिजलेली. लज्जागौरी आठवतेच; नन्सच्या जेवणघराच्या भिंतीवर ही कशाला, यावर अभ्यासकांची अजून वादावादी चालते. सकाळचं ऊन पूर्वेकडून भिंतीला घासून येतं तेवढा वेळच ती नीट दिसते. एरवी नुसता उंचवटा. त्यासाठी गावातच मुक्काम केला.

१७७२ साली प्रवासवर्णनकार थॉमस पेनंट इथे आला तेव्हा मठाच्या चर्चमध्ये गावची गुरं असत आणि जमिनीवर काही फूट शेण साचलं होतं. पैसे देऊन त्यानं एकाकडून ते उपसून घेतलं, तेव्हा ॲना मॅक्लीनची समाधिशिळा उघडी पडली. ती १५४३ साली वारलेली मठप्रमुख. पुढच्याच वर्षी आलेल्या इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सनला चिखलामुळे आत काही तपासताच आलं नाही!

नंतर छत कोसळून ती शिळा फुटली. आज उरलाय तो ॲनाचा अर्धा भाग: चुण्यांचा झगा आणि लाडकी कुत्री. उरलेल्या अर्ध्यावर मुकुट घातलेली येशूची आई मेरी होती, कडेवर बाळ, वर सूर्य-चंद्र आणि पायाशी ‘सांक्ता मारिया, ओरा प्रो मे’, म्हणजे पवित्र मेरी, माझ्यासाठी प्रार्थना कर. हे कळतं ते पेनंटनं तेव्हा सगळं बारकाईनं लिहून ठेवलं म्हणून. गावकरी आळशी आहेत, एवढं चांगलं खत उचलत नाहीत, अशी कुरकुरही त्यानं त्यातच केली आहे.