भुरुंडीची चुलत बहीण

जूनमधली दुपार. बागेतून आत आले आणि दारातच मोजे काढत बसले. दोन्ही मोज्यांना बारकी तपकिरी बोंडकं चिकटलेली, फरगेट-मी-नॉटची. त्यांच्यावर आकड्यासारखी वळलेली लव असते, ती लोकरीत अशी रुतते की झटकून निघत नाही, एकेक उपटावं लागतं. प्रत्येक बोंडकात चार काळ्या, चकचकीत बिया. काढता काढता मोजायला लागले आणि चहा राहिला.

हे फूल इंग्लंडातल्या रेडिंगच्या आमच्या बागेत मी लावलं, असं म्हणायचा मला अधिकार नाही. २०१८ साली बियांची एक पुडी भिरकावली होती, तीही ट्युलिपच्या बुडाशी मोकळं मोकळं दिसतं म्हणून. तेव्हा पेरलं उन्हाळ्यात, रोपं हिवाळाभर जमिनीला धरून बसली आणि पुढच्या एप्रिलात वाफा निळा झाला. त्याच्या पुढच्या वर्षी वाफ्याबाहेर, आता फरशांच्या फटींतसुद्धा. कळी गुलाबी, फूल निळं, मधे पिवळा डोळा. फूल जुनं झालं की तो डोळा पांढरा पडतो. माश्यांनी मग तिकडे फिरकायचं नाही, असा बहुतेक त्यांचा आपसातला करार असावा.

नाव मात्र मला पहिल्यापासून जड जातं. 'मला विसरू नको' हे काय नाव झालं? आपली अबोली, सदाफुली, गुलबक्षी कशा आपापल्या जागी असतात, कुणी गळ्यात पडत नाही. याचं शास्त्रीय नाव मायोसोटिस, म्हणजे ग्रीकमध्ये उंदराचा कान, पानांच्या आकारावरून. ते बरं वाटतं. (आपली उंदीरकानी वेगळी.)

आणखी एक जुनं इंग्रजी नाव आहे, विंचूगवत. ते कळलं त्या दिवशी मी वाफ्यापाशी उकिडवी बसले. कळ्यांचा शेंडा खरंच नांगीसारखा वळलेला. खालून एकेक फूल उमलत जातं, तसतशी नांगी सरळ होत जाते. हे मी आधी कुठे पाहिलंय, कुठे पाहिलंय, असं करता करता एकदम कराडजवळच्या आमच्या अंगणात.

पावसाळ्यात तिथे न्हाणीच्या सांडपाण्यापाशी भुरुंडी माजायची. खरबरीत पानं, आणि वळलेल्या शेंड्यावर दुहेरी ओळीत फिकट जांभळी फुलं. तो तुरा खुडून आम्ही दुपारी घोरणाऱ्या काकाच्या मानेवर ठेवायचो आणि "इंचू! इंचू!" करत पळायचो. एकदा काका खरोखरच उठला, बनियन काढून नाचला आणि त्या नाचात कंदील लाथाडला. रॉकेलचा वास दोन दिवस घरात होता. आजीनं आम्हाला मारलं नाही, तिनं भुरुंडी मारली. पदर खोचून सगळी मुळासकट उपटली आणि उकिरड्यावर टाकली. कोपऱ्यातली चार झाडं तेवढी राखली. गळवावर ती तो पाला ठेचून बांधायची. "पोरं हायत तवर गळवं हायत," म्हणाली.

वनस्पतिशास्त्राची पुस्तकं भुरुंडीला आणि या निळ्या बाईला भोकराच्याच कुळात घालत आली आहेत. म्हणजे चुलत बहिणीच. एकीला उकिरडा, दुसरीची पुडी पैसे देऊन आणायची.

तर, जून आला की हिच्या पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, पडते. द्राक्षवाले जिच्या नावानं बोटं मोडतात, तसलीच भुरी. शेजारच्या आजीबाई दरवर्षी कुंपणावरून सांगतात, उपट, वाफ्यावर झटक आणि टाक. त्यांचं दहा मिनिटांत होतं. मला दोन शनिवार लागतात. 'मला विसरू नको' म्हणणारीला मुळासकट ओढायचं म्हणजे जरा कानकोंडं होतं. यंदा उपटली, पण कोपऱ्यात चार ठेवलीच. घरात गळू कुणाला नाही.

संध्याकाळी दादाला फोन केला. "भुरुंडी येते का रे अजून?"

"कसली?"

"अरे, न्हाणीपाशी यायची. विंचवासारखी."

"हां… नाही बा आठवत. आणि न्हाणी कुठंय आता? सगळीकडं पेव्हर ब्लॉक टाकलेत. गाडी झकास लागते."

"फटींत तरी?"

"फटींत औषध मारतो की." मग तो पावसाचं सांगत बसला, यंदा अजून पत्ता नाही म्हणून.

एका मोज्यातली बोंडकं कागदात बांधून ठेवली आहेत. तिकडे न्यायची म्हटली तर बियांना परवाना लागतो, आणि नेल्या तरी कराडच्या उन्हात ही बाई टिकायची नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. दुसरा मोजा अजून दारातच पडलाय.