४३१ व्या जागेवरचं सिस्टीन

बाई सकाळी बरी असते आणि संध्याकाळी पाय वाकडा टाकते, एवढ्यावर ‘मानसिक’ लिहून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो. विडी घरकुलातून आलेल्या या तिशीतल्या बाईच्या फायलीत तेच लिहिलेलं होतं. कारखान्यात तिच्या विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या जात होत्या, तरी तिला कुणी विडी वळून दाखवायला सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. दर विडीला बोटांची हालचाल लहान होत गेली, टोक दुमडताना तर पार थांबली. झोपून उठल्यावर सुधारणा, पाऊल आत वळणं, आईवडील नात्याने मामा-भाची. मला लहान वयातल्या पार्किन्सनची शंका आली. त्यावरच्या लेव्होडोपा या औषधाची अर्धी गोळी दिली. तासाभराने ती ओपीडीच्या व्हरांड्यात सरळ चालत होती.

जनुक-तपासणीत पार्किन नावाच्या जनुकात बिघाड निघाला. जनुकाच्या दोन्ही प्रतींत बदल, त्यामुळे त्यापासून बनणाऱ्या प्रथिनात ४३१ व्या जागेवरचं सिस्टीन हे अमिनो आम्ल बदललेलं. लॅबच्या रिपोर्टात एवढंच, ही जागा काय करते त्याबद्दल अवाक्षर नाही. आणि मला तर तीच महत्त्वाची वाटते.

पार्किन हे युबिक्विटिन लायगेझ, म्हणजे युबिक्विटिन नावाचं छोटं प्रथिन दुसऱ्या प्रथिनांना जोडणारं विकर. पेशीला ऊर्जा पुरवणारा मायटोकॉन्ड्रिया बिघडला की त्यावर युबिक्विटिनची खूण लावून तो मोडीत काढायला लावणं हे त्याचं काम. पण एरवी ते स्वतःलाच अडवून बसतं. २०१३ मध्ये त्याची रचना समोर आली तेव्हा हे स्पष्ट दिसलं. युबिक्विटिन आधी ४३१ च्या सिस्टीनवर चढतं, तिथून पुढे जातं. ते सिस्टीन पार्किनच्याच रिंग-झिरो नावाच्या भागाने झाकलेलं असतं. युबिक्विटिन आणून देणारं ई-टू हे विकर जिथे टेकतं, ती जागाही अडलेली. मायटोकॉन्ड्रिया बिघडला की पिंक-वन नावाचं दुसरं विकर त्याच्यावर साचतं आणि युबिक्विटिनच्या व पार्किनच्या टोकाच्या भागाच्या, दोन्हींच्या ६५ व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लाला फॉस्फेट जोडतं. मग पार्किनचं ते टोक सरकून रिंग-झिरोवर बसतं आणि सिस्टीन मोकळं होतं.

“सर, ह्याच्यावर नवीन औषध येतंय म्हणे?” भावाने विचारलं. पार्किन उघडायला मदत करणारे रेणू शोधले जाताहेत, हे खरं. ज्यांचं पार्किन नीट उघडत नाही, त्यांना ते उपयोगी पडू शकतील. त्याला म्हटलं, हाताची घडी घालून बसलेल्या माणसाची घडी सोडवता येते, पण अक्काच्या बाबतीत घडी सुटली तरी काम करणारं बोटच, म्हणजे ते सिस्टीनच, नाही. तो गप्प झाला. आशा तोडली का मी? खोटी देणं मला जमलं नसतं. गोळीचा डोस कमी ठेवलाय, कारण या आजारात जास्त डोसने अंग वेडंवाकडं हलायला लागतं. त्या डोसवर ती पुन्हा विड्या वळतेय.

आता काळजी भावाची. तो निरोगी दिसतो, पण एका प्रतीत हाच बदल असू शकतो, आणि त्याचं लग्न मामाच्या मुलीशी ठरलंय. तिच्यातही तो असला तर मुलांच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या निघू शकतात. दोघांची तपासणी आधी करा, असं मी आईला समोर बसवून सांगितलं. “घरात विचारून सांगते,” म्हणाली. अजून कुणी आलेलं नाही. उद्या फोन करणार आहे.