आईचं पोटॅशियम आणि ज्येष्ठमधाची कांडी

आईला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आकसून धाप लागते तो फुप्फुसांचा आजार. विडीला कधी हात लावला नाही तिनं, मिश्री लावायची तेवढीच, पण चाळीस वर्षं चुलीपुढं बसून भाकऱ्या केल्यात, पावसाळ्यात ओली लाकडं आणि हातात फुंकणी, त्यातच फुप्फुसं गेली. आम्ही कितीतरी वर्षं "दमा आहे" असंच म्हणायचो. मग कराडला स्पायरोमेट्री केली, ती नळीत जोरात फुंकायला लावतात ती, पंप घेतल्यावरही रेशो (पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा भागिले फुंकलेली एकूण हवा) ०.७० च्या खालीच, तेव्हा कळलं. इन्हेलर चालू झाले आणि बरं चाललेलं.

आता सांगते ते गेल्या हिवाळ्यात झालं. सर्दीचं निमित्त होऊन धाप वाढली, पाच दिवस स्टेरॉईडच्या गोळ्या, दिवसातनं चार-पाच वेळा नेब्युलायझर. धाप उतरली पण खोकल्याची ढास काय जाईना. त्यात मामी भेटायला आल्या. "वन्सं, किती त्या गोळ्या खाताय, काढा घ्या की," म्हणून अडुळसा, तुळस, सुंठ आणि भरपूर ज्येष्ठमध असा काढा सांगून गेल्या. मामींना दोष देत नाही, कारण काष्टौषधीच्या दुकानातनं पाव किलो ज्येष्ठमध मीच आणलं. म्हणलं नॅचरल आहे, काय होणार.

काढा गोड लागायचा म्हणून आई आवडीनं घ्यायची, दोन वेळा पेलाभर. खोकल्याला खरंच बरं वाटायचं, हेही सांगायला पाहिजे.

तीनेक आठवड्यांनी पाय सुजले. बीपी कधी नव्हतं ते १६० च्या पुढं गेलं. गावातल्या डॉक्टरांनी लघवी होण्याची गोळी दिली, सूज थोडी ओसरली. आणि मग रात्री पोटरीत गोळे यायला लागले. असे की आई झोपेतनं किंचाळून उठायची आणि मी अंधारातच तिचा अंगठा धरून पाय ताणत बसायची. व्हॉट्सअॅपवर कुणीतरी टाकलेलं की गोळे येतात म्हणजे मॅग्नेशियम कमी, केळी खा. दिली. रोज दोन. फरक शून्य. एका सकाळी तिला पाटावरनं उठताच येईना, छातीत धडधडतंय म्हणाली. ऑक्सिमीटर लावला तर ९३, म्हणजे तिचं नेहमीचंच, त्यामुळं मला काही सुचेना, गाडी काढली आणि कराड गाठलं.

पोटॅशियम २.७ आलं. पाहिजे ३.५ ते ५. मॅग्नेशियम पण कमी, १.४. लगेच ईसीजी काढला आणि अॅडमिट केलं, कारण पोटॅशियम एवढं खाली गेलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि श्वास घ्यायचे स्नायू पण ढिले पडतात, आधीच फुप्फुसं अशी असलेल्या माणसाला ते परवडत नाही.

सलाईनमधनं पोटॅशियम अगदी हळूहळू सोडतात, तरी हाताची शीर जळते. आई म्हणाली, "हातात मिरची भरल्यागत होतंय गं." सिस्टरनी स्पीड अजून कमी केला.

छातीच्या डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या बघितल्या आणि मग विचारलं, "मावशी, घरगुती काय घेताय?" मी काढ्याचं सांगितलं. तेवढ्यात आईनं कमरेची चंची सोडली आणि त्यातनं मिश्रीच्या डबीशेजारची एक चघळून चघळून कुंचा झालेली ज्येष्ठमधाची कांडी काढून दाखवली. दिवसभर तोंडात असायची म्हणे, ढास येऊ नये म्हणून. मला पत्ताच नव्हता!

डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. नेब्युलायझरमधलं साल्बुटामॉल, म्हणजे श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध, रक्तातलं पोटॅशियम पेशींमधे ढकलतं. स्टेरॉईडनं ते लघवीवाटे जातं. आणि ज्येष्ठमध जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतलं की किडनी मीठ-पाणी धरून ठेवते आणि पोटॅशियम सोडून देते. म्हणजे सूज आणि बीपी त्यानंच आलेलं, त्या सुजेसाठी आम्ही लघवीची गोळी घेतली, आणि तिनं उरलंसुरलं पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पण बाहेर काढलं. तिथं माझी दोन केळी काय करणार? शिवाय मॅग्नेशियम भरल्याशिवाय पोटॅशियम अंगात टिकत नाही, म्हणून आधी त्याचं सलाईन लावलेलं.

तीन दिवसांनी घरी आलो. ज्येष्ठमध बंद, लघवीची गोळी बंद. पोटॅशियमचं सिरप पाण्यात मिसळून, इतकं खारट-कडू की आई नाक दाबून प्यायची आणि वर गुळाचा खडा. आठवड्यानं ३.४, पुढच्या वेळी ४.१. बीपी उतरायला मात्र वेळ लागला, ज्येष्ठमधाचा असर बंद केल्यावरही एक-दोन आठवडे राहू शकतो म्हणे.

खाण्याचं विचारलं तर डॉक्टरांनी आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघितलं, किडनी ठीक होती म्हणून शहाळं, केळी, डाळींना हो म्हणाले. किडनी कमजोर असेल किंवा बीपीच्या काही ठराविक गोळ्या चालू असतील तर हेच पोटॅशियम उलट जास्त होऊन धोका होतो, तेव्हा माझं वाचून कुणी शहाळ्यांचा रतीब लावू नका. मॅग्नेशियमसाठी भोपळ्याच्या बिया आणि तिळाची चटणी. स्टेरॉईडनं हाडं ठिसूळ होतात म्हणून नाचणीची भाकरी पण वाढवलीय, आता गॅसवर.

गोळे थांबलेत. काढा अजून चालू आहे, डॉक्टरांना विचारून, नुसती तुळस आणि सुंठ. आई रोज एक घोट घेऊन म्हणते ह्याला काय चव नाही. चंची मी दर दोन दिवसांनी तपासते, तिला ते अजिबात आवडत नाही.