तुम्ही विचारलंत म्हणून: मिशनमध्ये टिकले कशी?

"सिस्टर, त्या म्हाताऱ्या सिस्टरांचं ऐकून तुम्ही अख्खं आयुष्य मिशनमध्ये काढलंत. सोडून जावंसं कधी वाटलंच नाही?" नातेवाईक विचारतात, नोव्हिशिएटमधल्या, म्हणजे सिस्टर होण्याचं प्रशिक्षण घेणाऱ्या मुली विचारतात, आणि बहुतेकांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं: हिला कुणीतरी अडकवून ठेवलं. मला कुणीही अडकवलं नाही.

जावंसं वाटलं. अर्जसुद्धा लिहून झाला होता.

आमच्या वसतिगृहातली एक मुलगी तापानं गेली. दवाखान्याच्या वाटेवर, माझ्या मांडीवर. दुसऱ्या दिवशी तिची आई सामान न्यायला आली. रडली नाही, भांडली नाही. कपड्यांच्या घड्या घातल्या आणि निघून गेली. त्यानंतर मला प्रार्थना करता येईना. चॅपलमध्ये नुसते ओठ हलायचे. व्रतांतून मुक्त करा असा अर्ज लिहिला आणि वरिष्ठांकडे देण्याआधी त्या म्हाताऱ्या सिस्टरांना दाखवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. "यातलं एकही वाक्य खोटं नाही," म्हणाल्या. "पण आज देऊ नकोस. मन शांत असेल अशा एखाद्या सकाळी पुन्हा वाच. तेव्हाही हेच म्हणायचं असेल तर मी स्वतः तुझ्याबरोबर येईन. जायचंच तर चालत जा गं, पळत जाऊ नकोस." आणि त्याआधी त्या आईला भेटून ये, म्हणाल्या. मला संताप आला. कुठल्या तोंडानं जाऊ?

गेले. आई एक शब्द बोलली नाही. पुन्हा गेले, तेव्हा तिनं विचारलं, "शेवटी काही बोलली का?" मी सांगितलं, पाणी मागितलं आणि तुम्हाला हाक मारली. मग ती रडली, मीही रडले. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी प्रार्थनेला शब्द सुटले.

सिस्टरांचा सल्ला मुळात जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोलांचा. मन कोरडं पडलेलं असताना आधीचा निश्चय बदलू नये, उलट प्रार्थना थोडी वाढवावी, असा त्यांचा नियम आहे. तरुणपणी मला तो सापळा वाटायचा. दुःखात ठरवायचं नाही, मग सुखात कोण सोडून जातं? माझ्यातली ती तरुणी अजून हे विचारते आणि तिला गप्प करणारं उत्तर माझ्याकडे नाही. काही जणींनी जायलाच हवं होतं. त्यांना नुसतं 'थांब, थांब' म्हणत राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. सिस्टर मला 'थांब' म्हणाल्या नाहीत, एवढा फरक मात्र मी ठामपणे सांगेन.

"त्या सिस्टर वारल्यावर सल्ला कुणाचा?" हेही विचारता. इग्नेशियसांचे सोबती फ्रान्सिस झेवियर यांनी भारतात मिशनकार्यासाठी यायला 1540 मध्ये रोम सोडलं, त्यानंतर इग्नेशियसांची भेट कधीच झाली नाही. पत्राचं उत्तर यायला वर्षं लागत. सोबत्यांच्या पत्रांतल्या सह्या कापून झेवियर जवळ बाळगत. जून 1553 मध्ये इग्नेशियसांनी त्यांना परत बोलावणारं पत्र लिहिलं, पण झेवियर 3 डिसेंबर 1552 लाच चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगचुआन बेटावर वारले होते. नव्या सल्ल्याची वाट बघत त्यांना काम करताच आलं नसतं. आधी मिळालेलंच पुरवावं लागलं. मीही तेच करते.

अर्ज शांत मनानं वाचला. दिला नाही. देवानं या कामासाठी बोलावलंय या पाचारणावरच्या श्रद्धेनं राहिले की त्या आईच्या प्रश्नानं, हे मला आजही वेगळं काढता येत नाही. तुमच्यापैकी कुणी असा अर्ज लिहून बसली असेल तर माझ्याकडे या. राहा किंवा जा, यातलं काहीच मी सांगणार नाही. तो कधी लिहिलात, एवढं मात्र विचारीन.