आमची वाटचाल: ऐंशी क्लिकर आणि एक नोंद

नाशिकच्या अंबडमधल्या गाळ्यातून बाहेर पडलेल्या पहिल्या 80 क्लिकरांनी, म्हणजे वर्गात बटण दाबून उत्तर द्यायच्या छोट्या बिनतारी यंत्रांनी, फर्म बुडायचीच वेळ आणली होती. टेबलावर पाच-सहा चोख चालायचे. सभागृहात सगळ्यांनी एकदम बटण दाबलं की पडद्यावर निम्मीच उत्तरं. बिल अडकलं. 'यांचा रेडिओच कच्चा' असं सांगत एक स्पर्धक गावभर फिरला, ते अजून सलतं. रेडिओ कच्चा नव्हताच. आतल्या एनआरएफ24 या रेडिओ मॉड्यूलला पोचपावती मिळाली नाही की तो उत्तर पुन्हा पाठवतो, आणि पुन्हा पाठवण्याची वेळ आम्ही सगळ्यांत एकच ठेवली होती. एकदा धडकलेले पुन्हा एकत्रच धडकायचे.

आता बेस, म्हणजे उत्तरं झेलणारं मुख्य यंत्र, दर अर्ध्या सेकंदाला इशारा देतो आणि प्रत्येक क्लिकर आपल्या क्रमांकाच्या 5 मिलिसेकंदांच्या पाळीतच बोलतो. 80 जणांचं 400 मिलिसेकंदांत आटोपतं. मॉड्यूलच्या व्हीसीसी-ग्राउंडवर (वीजपुरवठ्याच्या दोन पिना), अगदी पिनांपाशी, 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावाच. सीआर2032 हा नाण्यासारखा सेल टाळा, प्रसारणाच्या झटक्याला तो मान टाकतो. दोन ट्रिपल-ए सेल बरे. चॅनेल 78 ठेवा, म्हणजे 2478 मेगाहर्ट्झ, आणि वायफाय राउटर त्याच्या चॅनेल 1, 6 किंवा 11 वर बांधून टाका, म्हणजे दोघांची टक्कर नको.

त्या पडत्या काळात गंगापूर रोडचे पदार्थविज्ञानाचे एक सर तेवढे टिकून राहिले. हार्वर्डच्या एरिक मझूर यांच्या पद्धतीने ते शिकवतात: प्रश्न, मत, शेजाऱ्याशी चर्चा, पुन्हा मत. आमचा प्रोग्राम दुसऱ्या मताने पहिलं पुसायचा, आणि त्यांना तर दोन्हींतला फरकच हवा होता. तिथून सॉफ्टवेअरचे तीन सुटे भाग झाले: प्रश्न मांडणारा, उत्तरं गोळा करणारा, आलेख काढणारा. मधे फक्त एक नोंद: सत्र, प्रश्न, फेरी, क्लिकर, पर्याय, वेळ. पहिल्या चार गोष्टी जुळल्या तर शेवटचं उत्तर धरायचं. पावती हरवून दोनदा आलेलं उत्तर मग दोनदा मोजलं जात नाही. आणि मतदान बंद होईपर्यंत आलेख झाकलेला ठेवा, नाहीतर पोरं उंच खांबाकडे बघून बटण दाबतात.

'जुनाट' म्हणून आम्हाला नाकारणाऱ्या एका कॉलेजने फोनवरची स्वस्त प्रणाली घेतली होती. एकाच राउटरवर शंभरावर फोन! शेवटी बोलावणं आलं. राउटर वाढवले आणि गोळा करणारा भाग तेवढा बदलला, बाकी दोन्हींना हात लावला नाही. फोनची स्क्रीन झोपली की जोडणी तुटते. परत आलेल्या फोनला सर्व्हरने नवा क्रमांक दिला तर एका माणसाची दोन मतं होतात. क्रमांक ब्राउझरमध्येच साठवा, आणि वेळ सर्व्हरची धरा, फोनची नको.