धुक्यातली हजेरी

फाल्गुनात कसली आलीय थंडी, म्हणून स्वेटर घरी ठेवला आणि भंडारदऱ्याला पहाटे साडेसहाला दात वाजवत उभी राहिले. समोर पाणी असावं. १९२६ साली पुरं झालेलं विल्सन धरण, पलीकडे रतनगड, पाठीशी १६४६ मीटरचं कळसूबाई, सगळं गायब. दुर्बीण डोळ्याला लावली, तर तेच पांढरं आठपट जवळ आलं.

"मोहोर गळतो बघा ताई अशानं," चहावाले मामा म्हणाले. त्यापुढे माझं रडगाणं काय गायचं? मुकाट काठाने उतरले.

मार्चमध्ये पाणी मागे सरतं आणि भेगाळल्या गाळाचा, गोट्यांचा पट्टा उघडा पडतो. चार पावलं टाकते तोच टिटिव-टिव, टिटिव-टिव! टिटवी. मला ती दिसेना, तिला मी बरोबर दिसत होते. जागीच थांबले. याच दिवसांत ती उघड्यावर, गोट्यांत गोट्यांसारखीच अंडी घालते. वाकून पाहिलं: बुटापुढे फुटकी शिंपली, काळे गुळगुळीत गोटे, त्यांवर दव. अंडं नव्हतं. तरी पुढचं पाऊल मागेच टाकलं.

पुस्तकात हिचं नाव रेड-वॉटल्ड लॅपविंग. म्हणजे आधी डोळ्यापुढचं ते लाल कातडं दिसायला हवं. आपली टिटवी डोळे मिटले तरी टिटवीच. तसाच ठोकठोक करणारा तांबट, 'पेरते व्हा' सांगणारा पावशा. पक्ष्यांना नावं ठेवणारी माणसं (चांगल्या अर्थाने) अशाच पहाटे गुरांमागे निघत असणार. धोबी, शेकाट्या ही मात्र बघूनच ठेवलेली, कबूल.

पाण्यात टिबुक झालं. टिबुकली! जरा वेळाने डावीकडे पुन्हा टिबुक. तीच की दुसरी? इथे बुडून भलतीकडेच वर येणारी ही बया उजेडातही मोजू देत नाही. वहीत लिहिलं, 'टिबुकली: १ ते ५'. लांबून चक्रवाकाने आँग केलं, दुसऱ्या टोकाकडून उत्तर आलं. रात्री यांची ताटातूट होते म्हणून संस्कृत कवींनी यांना फार रडवलंय. मला वाटतं, त्यांनी ही जोडी धुक्यात ऐकली असावी. आता थोड्याच दिवसांत दोघं लडाख-तिबेटकडे निघतील, बहुधा बरोबरच.

नऊला धुकं उठलं. टिटवी पंधरा पावलांवर, एकटक माझ्याकडे बघत. पाण्यावर टिबुकली एकच. पेन्सिल काढून 'ते ५' खोडलं, मान वर केली, तर तीही नव्हती.