तुम्ही विचारलंत म्हणून: हायब्रिड कोर्स करून वेबसाइट बनवता येते का?

‘आठवड्यातून एखाद-दुसरा दिवस वर्ग, बाकी सगळं घरी व्हिडिओ बघून. अशाने वेबसाइट करायला येईल का?’ कॉलेजच्या हायब्रिड कोर्सला प्रवेश घेणारे हे हमखास विचारतात.

येईल. उलट या विषयाला ही पद्धत चांगली मानवते, कारण काम दोन मशीनवर होतं. घरच्या लॅपटॉपवर झकास दिसणारं पान लॅबमध्ये उघडलं की मोडतं, आणि का मोडलं ते शोधताना निम्मा विषय पक्का होतो.

सगळ्यात आधी मोडतात ते फोटो. घरी दिसणारा फोटो लॅबमध्ये गायब! बहुतेक वेळा पानात सी ड्राइव्हपासूनचा अख्खा पत्ता पडलेला असतो, आणि तो फक्त तुमच्याच लॅपटॉपवर खरा असतो. पत्ता पानाच्या फाइलपासून मोजायचा: फोटोंच्या फोल्डरचं नाव, तिरकी रेघ, फाइलचं नाव. एक पायरी वर जायचं असेल तर आधी दोन टिंबं आणि तिरकी रेघ. पत्ता बरोबर असूनही सर्व्हरवर फोटो दिसत नसेल, तर अक्षरं बघा. विंडोज फाइलच्या नावात कॅपिटल आणि स्मॉल असा भेद सहसा करत नाही. बहुतेक वेब सर्व्हर लिनक्सवर चालतात, ते करतात. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलच्या शेवटी कॅपिटलमध्ये जेपीजी असतं, तुम्ही पानात स्मॉल लिहिता, आणि घरी काहीच कळत नाही. सगळी नावं स्मॉल अक्षरांत, स्पेसच्या जागी छोटी आडवी रेघ, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

पानाच्या माथ्यावरच्या तीन ओळी व्हिडिओत भरकन उरकतात. डॉकटाइप (पान कोणत्या नियमांनी मांडायचं ते सांगणारी पहिली ओळ) नसेल तर ब्राउझर जुन्या वेबसाइटींसाठी ठेवलेल्या नियमांनी पान मांडतो आणि सीएसएस (रंग, आकार, मांडणी ठरवणारे नियम) विचित्र वागायला लागतं. यूटीएफ-८ची, म्हणजे अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवली आहेत ते सांगणारी, ओळ नसेल तर मराठी मजकुराचा कचरा होऊ शकतो. व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान स्क्रीनच्या रुंदीइतकं धरायला सांगणारी, ओळ राहिली तर मोबाइल ते पान डेस्कटॉपच्या रुंदीचं समजतो आणि अक्षरं मुंगीएवढी दिसतात. मग विद्यार्थी फॉन्टचा आकार वाढवत बसतात. व्यर्थ खटपट.

सीएसएसमध्ये जास्तीत जास्त वेळ खातं ते रुंदीचं गणित. डब्याला, म्हणजे पानावरच्या चौकोनाला, ३०० पिक्सेल रुंदी दिली, चारी बाजूंनी २० पिक्सेल पॅडिंग (कडेच्या आतली मोकळी जागा) आणि १ पिक्सेलची बॉर्डर दिली, तर डबा ३४२ पिक्सेलचा होतो, कारण रुंदी फक्त आतल्या मजकुराची धरली जाते. असे फ्लोट केलेले, म्हणजे एका बाजूला सरकवून लावलेले, दोन डबे ६०० पिक्सेलच्या जागेत शेजारी बसत नाहीत, दुसरा खाली घसरतो. स्टाइलशीटच्या, म्हणजे सीएसएसच्या फाइलच्या, सुरुवातीलाच सगळ्या डब्यांना बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स द्या, म्हणजे पॅडिंग आणि बॉर्डर रुंदीतच धरली जाते. पण आधी एकदा तो डबा घसरू द्या, नाहीतर ती ओळ नुसती पाठ होते.

आता व्हिडिओंबद्दल. सलग बघू नका. एक टॅग (पानातला भाग कशाचा आहे ते सांगणारी कोडमधली खूण) किंवा एक नियम झाला की थांबवा आणि न बघता टाइप करा. नोट्सच्या वर्ड फाइलमधून कोड कॉपी करायचं टाळा: वर्ड सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं करतो, ब्राउझर त्यांना पत्त्याचाच भाग समजतो आणि लिंक ४०४ (पान सापडलं नाही) दाखवते. डोळ्यांना फरक दिसतही नाही.

वर्गातला वेळ मोडलेल्या पानांसाठी राखून ठेवा, आणि सरांना किंवा मॅडमना स्क्रीनशॉट नको, अख्खं फोल्डर दाखवा. त्याआधी घरी एवढं तपासा. फाइल सेव्ह केली का? व्हीएस कोड या कोड लिहायच्या प्रोग्रामच्या टॅबवर गोल ठिपका असेल तर नाही. ब्राउझर जुनंच सीएसएस दाखवतोय का? कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा. मग एफ१२ दाबून कन्सोल (ब्राउझर चुका दाखवतो ती जागा) बघा. न सापडलेली फाइल तिथे लाल अक्षरांत नावासकट दिसते. शेवटी डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा फुकट मिळणारा, कोडमधल्या चुका शोधणारा व्हॅलिडेटर. त्याने वीस चुका दाखवल्या तरी फक्त पहिली दुरुस्त करा आणि पुन्हा तपासा; एक डिव्ह (पानाचा एक भाग बांधणारा टॅग) बंद करायचा राहिला की त्याच्या मागे चुकांची रांग लागते.

जावास्क्रिप्टची, म्हणजे पानाला हालचाल देणाऱ्या कोडची, घाई नको. सुरुवातीला एकच अडचण वारंवार येते: हेडमधली (पानाच्या माथ्याकडच्या भागातली) स्क्रिप्ट पान तयार व्हायच्या आधी चालते, तिला बटण सापडत नाही. स्क्रिप्ट टॅगमध्ये डिफर लिहा, म्हणजे ती पान वाचून झाल्यावर चालते, पण ते वेगळ्या फाइलमधून जोडलेल्या स्क्रिप्टलाच लागू होतं.

असाइनमेंट देताना झिप केलेलं फोल्डर दुसऱ्याच जागी उघडून, मूळ फोल्डरचं नाव तात्पुरतं बदलून पान चालवा. आता फोटो दिसला नाही, तर पत्ता अजून जुन्याच फोल्डरकडे बोट दाखवतोय.